रस्त्यावर ट्रक-ट्रेलर सोबतीला असताना: मोटार आणि दुचाकी चालवणाऱ्यांसाठी

बोरघाट, नवले पूल, कसारा, उरण-पनवेल पट्ट्यातल्या कंटेनरच्या रांगा, कोकणातला राष्ट्रीय महामार्ग ६६. यांपैकी कुठूनही नेहमी जाणाऱ्या माणसाला ट्रकची धास्ती असते. ती रास्तच आहे, पण नुसती धास्ती माणसाला वाचवत नाही. ट्रक कधी, कुठल्या बाजूने आणि कशामुळे घातक ठरतो हे कळलं, की बरेच प्रसंग टाळता येतात. या लेखात तेच सांगतो आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जागा. चाळीस टनांची गाडी ऐनवेळी जागा काढू शकत नाही. ती आपणच काढायची, आणि वेळेआधी काढायची.

आधी ट्रकचं बळ आणि त्याच्या अडचणी समजून घ्या

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. आता दहा टायरी ट्रक मालासकट साडेअठ्ठावीस टनांचा असू शकतो आणि मोठा ट्रेलर ५५ टनांपर्यंत. तुमची मोटार एक-दीड टनाची. यात ओव्हरलोड धरलेला नाही.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ३३ मीटर संपतात. तिथून पुढे कोरड्या रस्त्यावर चांगली मोटार आणखी ३५ मीटरच्या आसपास थांबते, म्हणजे एकूण साधारण ७० मीटर. भरलेला ट्रक त्याच वेगात शंभर मीटरच्या पुढे जातो. त्याचे ब्रेक हवेचे असतात. पॅडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोहोचायला क्षणभर वेळ लागतो, आणि त्या क्षणातही ट्रक धावतच असतो.

दुसरी अडचण दिसण्याची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याची सगळ्यात मोठी आंधळी बाजू डावी असते. केबिनच्या डाव्या दारापासून मागे दोन-तीन गाड्या मावतील एवढी जागा त्याला नीट दिसत नाही. त्याच बाजूने दुचाकी पुढे काढायची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मनात पक्कं बसवा. सपाट तोंडाच्या उंच केबिनच्या अगदी पुढ्यात उभी असलेली स्कूटरही त्याला दिसत नाही. ट्रकच्या थेट मागे त्याला काहीच दिसत नाही, कारण मधला आरसा असला तरी त्यात फक्त हौदा किंवा कंटेनर असतो.

खूण सोपी आहे: ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. चेहरा दिसला म्हणजे त्याचं लक्ष आहे असंही नाही, पण निदान दिसण्याची शक्यता तरी आहे.

मागे असाल तेव्हा

रस्त्याकडेचा खांब किंवा पुलाचा कठडा हेरा. ट्रकचं मागचं टोक त्यापाशी आलं की मनात सावकाश मोजायला लागा. तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत किमान तीन सेकंद जायला हवेत. पावसात किंवा रात्री पाच-सहा. मधल्या जागेत कोणीतरी गाडी घुसवेलच. घुसवू द्या आणि पुन्हा मागे सरका. पुण्यापर्यंतच्या प्रवासात त्याने फार तर मिनिटभर उशीर होईल.

चिकटून चालण्याचा आणखी एक धोका असा, की पुढच्या रस्त्याचं तुम्हाला काहीच दिसत नाही. ट्रक खड्ड्यावरून किंवा पडलेल्या दगडावरून सहज जातो, आणि तो दगड तुमच्या बंपरखाली अचानक उगवतो. धडक बसलीच तर मोटारीचं नाक ट्रकच्या हौद्याखाली शिरतं आणि हौद्याची कड थेट काचेच्या उंचीवर येते. हे अडवायला मागे आडवा लोखंडी बार लावणं सक्तीचं आहे. पण कित्येक ट्रकचे बार वाकलेले, गंजलेले किंवा नुसते नावाला असतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

सळ्या, पाइप, अँगल बाहेर आलेला ट्रक दिसला तर लेन बदला किंवा चांगलं लांब थांबा. हौद्याबाहेर माल काढणं हा आता गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्यात त्याला २० हजार रुपये दंड आहे. तरी संध्याकाळच्या उजेडात सळीचं टोक डोळ्याला दिसत नाही, फक्त तिला बांधलेलं लाल फडकं दिसतं, आणि तेही असलं तर.

ओव्हरटेक: आधी हिशोब, मग ॲक्सिलरेटर

दुपदरी रस्ता घ्या. ट्रक ६० ने चालला आहे, तुम्ही ८० ने. फरक ताशी २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रेलर अठरा मीटरच्या आसपास लांब. त्याच्या मागे पंचवीस मीटरवर असताना बाहेर पडलात आणि पुढे पंचवीस मीटर सोडून आत आलात, तर तुमची गाडी धरून सत्तरेक मीटरचा फरक भरून काढायचा आहे. त्याला तेरा सेकंद लागतात. त्या तेरा सेकंदांत तुम्ही जवळजवळ २९० मीटर जाता आणि समोरून ८० ने येणारी गाडीही तेवढीच पुढे येते. म्हणजे साधारण सहाशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. कोकणातल्या वळणांवर किंवा अर्धवट काम झालेल्या महामार्गावर तेवढा रस्ता क्वचितच दिसतो. दिसला नाही तर मागेच थांबायचं.

मोकळा असेल तर असं करा:

१. ट्रकच्या मागे बरंच अंतर असतानाच थोडं उजवीकडे येऊन पुढचा रस्ता पाहा. बंपरला चिकटून डोकं बाहेर काढू नका.
२. आरसा बघा, उजवा इंडिकेटर द्या. दिवसा छोटा हॉर्न, रात्री एकदा डिपर.
३. ट्रक चढावर, वळणावर, फाट्यापाशी किंवा पुलावर असेल तर बेत सोडा.
४. बाहेर पडल्यावर रेंगाळू नका. ट्रकच्या कुशीला समांतर चालत राहणं सगळ्यात वाईट, कारण त्याचा टायर फुटला किंवा त्याला दुसऱ्या कोणाला चुकवायचं असलं, तर तो तुमच्याच अंगावर येतो.
५. आत येताना घाई नको. मधल्या आरशात ट्रकचं पूर्ण तोंड, दोन्ही हेडलाइटसकट, दिसलं की मगच डावीकडे या, आणि आल्यावर वेग कमी करू नका.

पाचव्या पायरीकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पुढे काढून लगेच कट मारायचा आणि टोल किंवा फाटा दिसला म्हणून ब्रेक दाबायचा. ट्रकचालकाने जपून राखलेलं अंतर तुम्ही खाल्लेलं असतं, मग त्याच्याकडे दोनच पर्याय उरतात: तुम्हाला धडकणं किंवा स्टिअरिंग फिरवणं. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूजवळ नेलमंगला इथे कंटेनर दुभाजक ओलांडून समोरच्या मोटारीवर उलटला आणि सहा जणांचं कुटुंब गेलं. पुढच्या मोटारीने एकदम ब्रेक मारल्याने आपण गाडी वळवली, असं त्या चालकाने सांगितलं होतं. ज्या मोटारीवर कंटेनर पडला, तिच्यातल्या कोणाचीही काही चूक नव्हती.

इंडिकेटरच्या खुणांबद्दल एक खबरदारी. आपल्या रस्त्यांवर ट्रकचा डावा इंडिकेटर बरेचदा ‘जा पुढे’ असं सांगतो, पण तो खरोखर डावीकडे वळणारही असू शकतो. उजव्याचे अर्थ आणखी गोंधळाचे: समोरून गाडी येते आहे, किंवा मी उजवीकडे येतो आहे, आणि काही चालकांच्या सवयीत ‘उजवीकडून काढ’. म्हणून उजवा इंडिकेटर दिसला की ओव्हरटेक करायचं नाही, एवढं ठरवून टाका. क्लीनरने हात बाहेर काढून बोलावलं तरी समोरचा रस्ता आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निघू नका. त्याच्या अंदाजात तुमच्या गाडीचा पिकअप धरलेला नसतो.

डावीकडून ओव्हरटेक करावंसं द्रुतगती मार्गावर फार वाटतं, कारण ट्रक मधल्या किंवा उजव्या लेनमध्ये ठाण मांडून असतात. ते बेशिस्त आहेत हे खरं. तरी तुम्ही डावीकडून गेलात की त्याच्या सगळ्यात मोठ्या आंधळ्या बाजूला शिरता, आणि त्याला आपल्या लेनमध्ये परतायची बुद्धी नेमकी तेव्हाच होऊ शकते. हॉर्न, डिपर, थोडा धीर. रस्ता अडलेलाच असेल आणि डावीकडून जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ट्रकपासून एक पूर्ण लेन मोकळी सोडून आणि न रेंगाळता जा.

दुचाकीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. वेगातल्या ट्रकच्या कडेने जाताना हवा आधी आत ओढते, आणि केबिनच्या पुढे आलात की एकदम बाहेर ढकलते. हँडल घट्ट पकडा पण हात ताठ करू नका आणि कडेला अंतर जास्त ठेवा. मागे कोणी बसलं असेल तर आधी सांगून ठेवा.

घाट आणि लांब उतार

या भागाला मी सगळ्यात जास्त जागा देतो आहे, कारण महाराष्ट्रातल्या ट्रकच्या मोठ्या अपघातांचं मूळ बरेचदा उतारात असतं.

बातमीत ‘ब्रेक फेल’ लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा काहीही तुटलेलं नसतं. भरलेला ट्रक लांब उतारावर फक्त पायाच्या ब्रेकने आवरत आणला, की ड्रम आणि लायनर तापतात, तापले की पकड सोडतात. मग चालक पॅडल पार तळापर्यंत दाबतो आणि ट्रक पळतच राहतो. यावरचा उपाय ट्रकवाल्यांना ठाऊक असतो: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पण डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात, काही जण इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग जड, आणि इंजिनची पकडही नाही.

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून दरी पुलावरून नवले पुलाकडे येणारा रस्ता सलग उताराचा आहे, आणि उताराच्या पायथ्याशी पुणे शहर आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग ४८ च्या आसपास गाड्यांना ठोकरलं. चालक इंधन वाचवायला इंजिन बंद करून उतरत होता, असं तपासातून पुढे आलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात पुन्हा एक कंटेनर सुटला. या वेळी एक मोटार दोन अवजड वाहनांमध्ये चिरडली आणि आग लागली.

अशा उतारांवर, म्हणजे इथे, बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे किंवा कसाऱ्यात नाशिकहून मुंबईकडे उतरताना, हे करा:

उतार सुरू होण्याआधीच तुमची गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या. ब्रेक तुमचेही तापतात.

भरलेल्या ट्रकच्या थेट पुढे राहू नका. एकतर त्याला सुरक्षितपणे मागे टाकून बरेच पुढे जा, नाहीतर त्याच्या मागेच राहा. तेवढ्या उतारात समोरचा रस्ता जितका पाहाल, तितकाच आरसा पाहा.

सुटलेला ट्रक ओळखता येतो. थांबून थांबून नाही, तर सलग वाजणारा हॉर्न. पेटते हेडलाइट. चाकांतून निळसर-पांढरा धूर आणि जळलेल्या लायनरचा उग्र, रबरासारखा वास. उघड्या दारातून हात हलवून ओरडणारा क्लीनर. यातलं काहीही दिसलं, की त्याच्या रेषेतून बाजूला व्हा. कोणत्या बाजूला जायचं ते तेव्हा मोकळी जागा ठरवेल, पण रस्त्यातच ब्रेक दाबून थांबणं हा सगळ्यात वाईट पर्याय. बाजूला झाल्यावर शक्य असेल तर गाडीतून उतरा आणि कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असल्यास तिथे जा.

उतारावरच वाहतूक तुंबली असेल तर पुढच्या गाडीला चिकटू नका. तिचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर सोडा, म्हणजे गरज पडली तर गाडी वळवून बाहेर काढता येईल. रांगेत शेवटी असाल तर चारही इंडिकेटर चालू करा आणि मागे दुसरी गाडी येऊन थांबेपर्यंत आरशावरून नजर काढू नका. दोन अवजड वाहनांच्या मधोमध थांबायची वेळ येत असेल तर शेजारच्या लेनमध्ये जा, मग ती रांग कितीही लांब असो.

चढावरचा धोका वेगळा. माल भरलेला ट्रक बोरघाटात माणूस पळेल एवढ्या वेगानेही चढतो. वळणामागून तुम्ही ६० ने आलात, तर तो तुम्हाला जवळजवळ उभाच भेटतो. चढाच्या सुरुवातीला थांबलेल्या ट्रकच्या मागे उभं राहावं लागलं, तर दोन गाड्यांची जागा सोडा. क्लच सुटताना तो मागे घरंगळतो आणि तुमचा हॉर्न त्याला ऐकूही येत नाही.

चौक, वळणं आणि डंपरची डावी बाजू

शहरांत सायकलस्वार, दुचाकीस्वार आणि पादचारी ट्रकच्या पुढच्या चाकांइतकेच मागच्या चाकांखाली जातात. कारण असं, की लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतून कोपरा कापत जातात. म्हणून ट्रेलरचा चालक डावीकडे वळण्याआधी मुद्दाम थोडा उजवीकडे जातो. डावीकडे ऐसपैस जागा दिसते, दुचाकीवाला आत शिरतो, आणि मग ती जागा मिटायला लागते.

सिग्नलला डंपर, मिक्सर किंवा ट्रेलर उभा असेल तर त्याच्या डाव्या फटीतून पुढे जाऊ नका, सिग्नल कितीही सेकंदांचा उरला असला तरी. मागे थांबा. पुढे थांबायचंच असेल तर चालकाला तुमची पाठ पूर्ण दिसेल इतके पुढे थांबा, त्याच्या नंबरप्लेटला टेकून नाही. तो वळायला लागला आणि तुम्ही कठडा व त्याच्या मधे सापडलात, तर गाडी वाचवायच्या नादाला लागू नका. सायकल, स्कूटर टाकून द्या आणि फुटपाथवर उडी मारा. मुलांना हे शांतपणे, उभ्या ट्रकपाशी नेऊन दाखवा. कोपऱ्यावर उभं राहून वळणाऱ्या ट्रकची मागची चाकं कुठून जातात हे त्यांनी एकदा स्वतः पाहिलं, की पुन्हा सांगावं लागत नाही.

थांबलेल्या ट्रकच्या नाकासमोरून चालत रस्ता ओलांडू नका. मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांमुळे पुणे-मुंबईत आता गल्लीबोळातही डंपर येतात. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकमागून जायचं तर क्लीनर मागे उभा आहे का ते आधी पाहा.

रात्र, आणि रस्त्यात उभे असलेले ट्रक

लो बीमचा उजेड साधारण ४०-५० मीटर पोहोचतो. वर सांगितल्याप्रमाणे ८० ने थांबायला ७० मीटर लागतात. म्हणजे दिव्याविना उभा असलेला ट्रक तुम्हाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो. अंधाऱ्या रस्त्यावर वेग ६० च्या आत आणणं हाच त्यावरचा उपाय, समोर कोणी नसेल तेव्हा अप्पर वापरा.

ट्रकला चमकणाऱ्या पट्ट्या लावणं बंधनकारक आहे: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. अंधारात लाल रेघ हलत नसेल तर तो उभा ट्रक आहे असं धरून चाला. धूळ किंवा चिखलाने पट्टी झाकलेली असते, हेही लक्षात असू द्या.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळ आणि मोकळा. तिथे १२० ने जाताना समोर ४० ने चाललेला ट्रक आला, तर दोनशे मीटरचं अंतर नऊ सेकंदांत संपतं. मागचे लाल दिवे झपाट्याने मोठे होऊ लागले, की आधी ॲक्सिलरेटर सोडा, मग विचार करा. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा.

पहाटे दोन ते सहा या वेळात ट्रकचालकाच्या झोपेचाही विचार करा. कायद्यात चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती चालक ती पाळू शकतात, हे कोणत्याही ढाब्यावर बसलात तर कळेल. केबिनला एसी सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना. जुने लाखो ट्रक अजून भट्टीसारख्या केबिननिशी धावत आहेत. ट्रक हळूहळू रेघेवर सरकतो आणि झटक्यात परत येतो, वेग उगाच कमी-जास्त होतो, असं दिसलं तर शेजारून जाऊ नका. मागे लांब राहून मोठा हॉर्न द्या. सोबतच्या माणसाला १०३३ (राष्ट्रीय महामार्गांची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर कळवायला सांगा.

गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. समोरून एकच दिवा दिसला तर ती मोटारसायकल समजू नका.

टँकर

टँकर अर्धा भरलेला असला की आतला द्रव ब्रेक मारल्यावर पुढे आणि वळणावर बाजूला उसळतो, म्हणून तो अनपेक्षितपणे उलटतो. वळणावर त्याच्या बाहेरच्या अंगाला राहू नका. टाकीवरच्या फलकावर चार आकडी क्रमांक असतो: १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १२३० मिथेनॉल. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ मिथेनॉलचा टँकर पेटला तेव्हा आगीचे लोट पुलाखालच्या रस्त्यापर्यंत पोहोचले आणि खाली असलेल्यांचेही जीव गेले. उलटलेला टँकर दिसला तर बघायला जवळ जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, शक्य तितकं लांब आणि उंचावर जा. गाडीचं इंजिन बंद करा, काही पेटवू नका, आणि लांबून दिसला तर तो क्रमांक ११२ वर सांगा.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर

चालू लेनमध्ये थांबून टायर बदलू नका, रिम वाकली तरी चालेल पण गाडी शक्य तितकी डावीकडे, रस्त्याबाहेर काढा. चारही इंडिकेटर चालू. सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा, गाडीच्या मागे किंवा शेजारी नाही. मग लाल त्रिकोण मागे ठेवा. भरलेल्या ट्रकला थांबायला शंभर मीटरपेक्षा जास्त लागतात, तेव्हा द्रुतगती मार्गावर तो तेवढा तरी मागे हवा. ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, कडेकडेने जा. रस्ता फार धोक्याचा वाटला तर त्रिकोणाचा नाद सोडा आणि १०३३ किंवा ११२ वर फोन करा.

दुसऱ्यांचा अपघात दिसला तर आधी आपली गाडी सुरक्षित लावा, मग ११२ किंवा १०८ वर ठिकाण सांगा. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या दिशेची बाजू हे सांगितलंत तर रुग्णवाहिका लवकर पोहोचते. केबिनमध्ये अडकलेल्या चालकाला ओढून काढू नका, आग लागली असेल तरच तसं करा. त्याच्याशी बोलत राहा. आणि पोलीस-कोर्टाच्या भीतीने मागे फिरू नका: मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, आणि जखमीला दाखल करताना रुग्णालयाला तुमच्याकडून पैसे मागता येत नाहीत.